अरबी घोड्याच्या पाठीला बसणारं खोगीर

तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की माझी घोडी मान वळवून माझ्या कोपराकडे बघायची, कान मागे पाडायची आणि दात आपटायची. चावली एकदाही नाही. "अरबी रक्त आहे, तापट असायचंच," असं तबेल्यात सगळे म्हणत आणि मीही ते मान्य करून टाकलं होतं. मग जुने केस झडून नवे आले, तेव्हा तिच्या तांबड्या पाठीवर दोन्ही बाजूंना अंगठ्याच्या पेराएवढे दोन पांढरे ठिपके उमटले. खोगिराखाली असे पांढरे केस उगवले की समजायचं, त्या जागी इतका दाब पडत राहिला की केसांच्या मुळातल्या रंग देणाऱ्या पेशीच निकामी झाल्या. घोडी तापट नव्हती. तिला दुखत होतं, आणि ते सांगायला तिच्याजवळ तेवढंच होतं.

ज्या खोगिराने हे झालं ते नवं होतं, चांगल्या चामड्याचं होतं आणि 'खास अरबी घोड्यांसाठी' म्हणून मला विकलं गेलं होतं. म्हणून सगळ्यात आधी सांगते, जात म्हणजे माप नव्हे. अरबी घोड्यांची पाठ साधारण कशी असते हे माहीत असावं, कारण चूक कुठे होऊ शकते याचा त्यातून अंदाज येतो. पण खोगीर घ्यायचं ते समोर उभ्या असलेल्या त्या एका घोड्यासाठी.

ही पाठ वेगळी कुठे आहे

अरबी घोडा तसा लहानखुरा. उंची साधारण 14.1 ते 15.1 हात (घोड्यांच्या मापातला हात चार इंचांचा, आणि टिंबापुढचा आकडा इंचांचा), म्हणजे 145 ते 155 सेंटीमीटर, आणि वजन 360 ते 450 किलोच्या आसपास. घोड्यांना सहसा बरगड्यांच्या 18 जोड्या आणि कमरेचे 6 मणके असतात. बऱ्याच अरबी घोड्यांत बरगड्यांच्या 17 जोड्या आणि कमरेचे 5 मणके आढळतात. सगळ्यांत नाही, पण पाठ आखूड असणं हे या जातीचं लक्षणच आहे. त्यात बरगड्या चांगल्या गोलाकार, पाठ वरून सपाट आणि मागचा पुठ्ठाही जवळजवळ त्याच पातळीत. मानेवरची आयाळ संपते तिथे पाठीच्या सुरुवातीला जो उंचवटा असतो, त्याला विदर्स म्हणतात. थरोब्रेड या शर्यतीच्या जातीच्या घोड्यात तो डोंगराच्या कण्यासारखा वर आलेला असतो. अनेक अरबी घोड्यांत तो बुटका आणि रुंद असतो.

एवढ्या वर्णनात तीन अडचणी दडलेल्या आहेत. पाठ आखूड, म्हणून खोगीर लांब पडतं. पाठ रुंद आणि सपाट, म्हणून खोगीर चिमटतं किंवा झुलतं. विदर्स गोल, म्हणून खोगिराला अडून बसायला काही नाही आणि ते पुढे किंवा बाजूला सरकतं. माझ्या घोडीच्या खोगिरात यातल्या पहिल्या दोन्ही होत्या.

आता पाठीवर खोगिराची हक्काची जागा किती, ते हातानेच बघायला हवं. पुढची हद्द खांद्याच्या पात्याची. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नसतात, स्नायूंच्या झोळीत धड तोललेलं असतं. त्यामुळे पाय पुढे टाकला की पात्याचं वरचं टोक मागे सरकतं, आणि चांगलंच सरकतं. कुणाला तरी घोड्याचा पुढचा पाय उचलून हळूच पुढे ओढायला सांगा आणि आपला तळवा पात्याच्या मागच्या कडेवर ठेवा. हाताखालून हाड मागे येताना कळेल. खोगिराचा कडक भाग त्या वाटेत असेल तर प्रत्येक पावलाला हाड त्यावर आपटणार.

मागची हद्द शेवटच्या बरगडीची. कुशीत बोटं दाबत शेवटची बरगडी शोधायची आणि तिच्या वळणाने वर कण्यापर्यंत जायचं. ती जिथे कण्याला मिळते तिथे स्वाराचा भार संपला पाहिजे. त्याच्या मागे कंबर सुरू होते आणि तिला खालून बरगड्यांचा आधार नाही. या दोन हद्दींच्या मध्ये पट्टी धरून बघा. अरबी घोड्यात ही जागा इतकी थोडी निघते की आधी विश्वास बसत नाही.

तिसरी हद्द कण्याची. कण्यावर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधावर काहीही टेकता कामा नये. भार घ्यायचा तो कण्याशेजारून जाणाऱ्या दोन लांब स्नायूंनी.

खोगिराच्या पोटात काय असतं

बाहेरून चामडं दिसतं. सगळा खेळ आतल्या सांगाड्याचा, ज्याला ट्री म्हणतात. तो लाकडाचा, लाकूड-पोलादाचा किंवा कृत्रिम पदार्थाचा असतो आणि स्वाराचं वजन पाठीवर पसरवणं हे त्याचं काम. त्याच्याखाली लोकर, फोम किंवा हवा भरलेल्या दोन गाद्या असतात, त्यांना पॅनल म्हणतात. दोन पॅनलच्या मधली पन्हाळ कण्यासाठी मोकळी ठेवलेली असते. ती पुढून मागेपर्यंत तीन ते चार बोटं रुंद हवी. पुष्कळ खोगिरांत ती पुढे रुंद असते आणि मागे निमुळती होत जाते. अशा खोगिरात घोडा वळला की पॅनलची कड कण्यावर चढते.

आपण मराठीत फुकाच्या भरीला 'खोगीरभरती' म्हणतो. खऱ्या खोगिरातली भरती मात्र फुकाची कधीच नसते. लोकर कुठे जास्त झाली, कुठे गोळा झाली, कुठे दबून कडक झाली, यावर घोड्याची पाठ ठरते. नव्या खोगिरातली लोकर पहिल्या काही महिन्यांतच बसते, म्हणून ते लवकर एकदा तपासून घ्यावं लागतं. पुढे साधारण दर सहा महिन्यांनी. लोकर काढता-घालता येते, फोम तसा बदलता येत नाही. घोड्याचं अंग बदलत राहणार असेल, तर मी लोकरीचंच खोगीर सुचवेन.

सांगाड्याची रुंदी 'मीडियम', 'वाइड', 'एक्स्ट्रा वाइड' अशा शब्दांत सांगतात. हे शब्द सगळ्या कारागिरांमध्ये सारखे नाहीत. एकाचं वाइड दुसऱ्याच्या मीडियमएवढं निघू शकतं. वेस्टर्न, म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या पद्धतीच्या खोगिरात 'अरेबियन बार्स' असा सांगाड्याचा प्रकार मिळतो. तो सर्वसाधारणपणे सपाट, रुंद आणि आखूड असतो, पण त्यालाही ठरलेलं प्रमाण नाही. शिवाय रुंदी ही अर्धीच गोष्ट झाली. सांगाड्याच्या पुढच्या दोन फाट्यांचा कोन घोड्याच्या खांद्यामागच्या उताराशी समांतर असायला हवा. रुंदी बरोबर आणि कोन चुकीचा असला, तर फाट्याचं फक्त टोक रुततं. माझ्या घोडीचे ते दोन ठिपके नेमके त्या टोकांच्या खाली होते.

मग येतो पुढून मागेपर्यंतचा बाक. खोलगट पाठीवर सरळ खोगीर ठेवलं की ते पुढे आणि मागे टेकतं, मधे पोकळ राहतं. दोन काठांवर टेकलेल्या साकवासारखं. सगळं वजन चार ठिकाणी एकवटतं. याच्या उलट सपाट पाठीवर बाकदार खोगीर ठेवलं की ते पाळण्यासारखं डुलतं. अरबी घोड्यांत हा दुसरा प्रकार फार दिसतो. दुडक्या चालीत मागची बाजू प्रत्येक पावलाला उचलली जाते आणि आपटते. बसणाऱ्याला वाटतं आपली मांड कच्ची आहे. मांड ठीक असते, सांगाडा वाकडा असतो.

पाठीचा ठसा

खोगीर बघायला जाताना घोडा बरोबर नेता येत नाही, पण त्याच्या पाठीचा आकार नेता येतो. चित्रकलेच्या सामानात एक वाकणारी पट्टी मिळते. ती वाकवली की तशीच राहते. अर्धा मीटरहून लांब अशी एक घ्यायची. घोडा सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा उभा, मान सरळ. चरत असेल तर माप चुकतं, कारण मान खाली गेली की पाठीचा आकार बदलतो.

पहिला ठसा पात्याच्या मागच्या कडेपासून दोन-तीन बोटं मागे घ्यायचा. पट्टीचा मध्य कण्यावर ठेवून दोन्ही बाजू अंगाला दाबून बसवायच्या. मग न हलवता उचलून जाड पुठ्ठ्यावर ठेवायची आणि आतल्या बाजूने पेन्सिल फिरवायची. डावी बाजू कोणती ते लगेच लिहायचं, नाहीतर पाच मिनिटांत घोळ होतो. दुसरा ठसा पाठ सगळ्यात खोल असते तिथे, तिसरा शेवटच्या बरगडीपाशी. चौथा लांबीचा, विदर्सपासून शेवटच्या बरगडीपर्यंत कण्याच्या बाजूने. पुठ्ठे कापले की घोड्याची पाठ हातात आली. पहिला पुठ्ठा खोगिराच्या पुढच्या कमानीत धरून बघा, चौथा पॅनलच्या खाली. अर्धी खोगिरं इथेच बाद होतात.

ठसा कापल्यावर डावी-उजवी बाजू सारखी निघाली नाही तर दचकू नका. बहुतेक घोड्यांचा एक खांदा जास्त भरलेला असतो. खोगीर मोठ्या खांद्याच्या मापाचं घ्यायचं आणि लहान बाजूची पोकळी पातळ पट्टीने भरायची. उलट केलं की मोठा खांदा कायम अडकलेला राहतो.

पुठ्ठ्यातून निभावलेलं खोगीर मग घोड्यावर ठेवायचं. पॅड नको, घोंगडी नको, नुसतं पाठीवर. थोडं पुढे ठेवून मागे सरकवत न्या, ते आपोआप एका जागी अडतं. तिथेच थांबा. बैठकीचा सगळ्यात खोल भाग मध्यावर आणि सपाट दिसतो का? मागे झुकत असेल तर सांगाडा बहुधा अरुंद आहे आणि पुढून उचलला गेला आहे. पुढे झुकत असेल तर बहुधा रुंद. विदर्स आणि कमान यांच्यात दोन-तीन बोटं तरी जायला हवीत, आणि विदर्सच्या बाजूंनाही मोकळीक हवी. मग तळवा वर करून पॅनलखाली पुढून मागे हात सरकवा. दाब सगळीकडे सारखा लागायला हवा. हात मधेच मोकळा झाला तर तिथे पोकळी आहे, अडकला तर तिथे घोडाही अडकणार. ही तपासणी स्वार बसल्यावर पुन्हा करायची, कारण वजन आलं की सगळं बदलतं.

शेवटची साक्ष घामाची. पातळ सुती कापड घालून अर्धा-पाऊण तास चांगलं काम घ्या आणि खोगीर उतरवून लगेच बघा. कणा कोरडा आणि दोन्ही बाजू सारख्या ओल्या, हे उत्तम. ओल्या भागात मधेच कोरडा डाग असेल, तर एकतर तिथे इतका दाब आहे की घामच फुटला नाही, नाहीतर तिथे खोगीर टेकलंच नाही. दोन्हीत फरक करायला मघाचा तळहाताचा दाब आठवायचा. दुसऱ्या दिवशी कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटं दाबत या. घोडा पाठ खाली घेत असेल, कातडी थरथरवत असेल, तर घामाचा नकाशा कितीही सुंदर असो, खोगीर परत करा.

जाड पॅड हा यावरचा उपाय नाही, हे ठासून सांगते. अरुंद खोगिराखाली जाड पॅड म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आधीच जागा नाही, त्यात आणखी भर. पॅडने फक्त किंचित रुंद असलेलं खोगीर थोडे दिवस चालवता येतं. पॅड कोणताही असो, तो वर ओढून पन्हाळीत उचलून घ्यायचा. विदर्सवर ताणून बसलेलं कापडही दाबतंच.

पुढे सरकणारं खोगीर

गोल विदर्सच्या घोड्यावर अर्ध्या तासात खोगीर खांद्यावर येतं आणि लोक तंग आणखी आवळतात. कारण मात्र दुसरीकडे असतं. तंग नेहमी छातीच्या सगळ्यात अरुंद जागी, कोपरामागच्या खोबणीत जाऊन बसतो. अनेक अरबी घोड्यांत ही खोबण बरीच पुढे असते. तंग ज्यांना अडकवतात त्या खोगिराच्या पट्ट्या तिच्या सरळ वर नसल्या की तंग त्यांना पुढे ओढतो आणि पट्ट्या खोगिराला. म्हणून पट्ट्या कुठून सुटतात ते बघून घ्या. सांगाड्याच्या टोकाजवळून सुटणारी पुढची पट्टी असलेलं खोगीर अशा घोड्यांवर स्थिर राहतं. मधला भाग पुढे आणि टोकं मागे असा बाकदार तंगही उपयोगी पडतो. कोपरापाशी त्याला खोलगट कापलेलं असेल तर कातडी चिमटत नाही.

तंग एका दमात आवळू नये. आधी नुसता अडकेल इतका, मग घोडा चार पावलं चालवून एक भोक, चढण्याआधी आणखी एक. त्यानंतर दोन्ही पुढचे पाय एकेक करून हलकेच पुढे ताणावेत, म्हणजे तंगाखाली दुमडलेली कातडी सरळ होते. एकाच टोकाला इलॅस्टिक असलेला तंग खोगीर एका बाजूला ओढतो, तो टाळलेला बरा.

इतकं करूनही उतारावर खोगीर पुढे येत असेल तर दुमची. शेपटीच्या बुडाखालून जाणारा हा पट्टा आपल्याकडे जुना आहे, आणि लांब पल्ल्याच्या स्पर्धांत आजही वापरतात. घोड्याला त्याची सवय हळूहळू लावावी, पट्ट्याखाली हात सहज जाईल इतका तो सैल ठेवावा आणि रोज पुसून मऊ ठेवावा. मापात न बसणाऱ्या खोगिराला दुमचीने बांधून ठेवणं मात्र घोड्यावर अन्याय आहे.

लांब पल्ल्याचा विषय निघाला म्हणून सांगते. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडाच्या डोंगरांतली टेव्हिस कप ही शर्यत 1955 साली सुरू झाली. एका दिवसात 100 मैल. तिथे अरबी घोड्यांचं वर्चस्व आहे, आणि वाटेतल्या तपासण्यांत पशुवैद्य घोड्याच्या पाठीवरून हात फिरवतात. दहा मैलांत जाणवणार नाही अशी चूक शंभर मैलांत जखम होते. तुम्हाला शर्यत करायची नसली, तरी दिवसभराच्या सफरीसाठी खोगीर याच नजरेने निवडा.

वजनाचंही बघा. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत असावं, असा ढोबळ हिशेब वापरतात. 400 किलोच्या घोड्यावर म्हणजे 80 किलो. इंग्लिश खोगीर सहसा सहा ते नऊ किलोचं, वेस्टर्न त्याच्या दुप्पट सहज. त्यात वेस्टर्नचा मागचा चामडी झालर-भाग लांब असतो आणि आखूड पाठीवर तो थेट कमरेवर टोचतो. ते घ्यायचंच असेल तर गोल कापलेली, आखूड झालर बघा.

तोंडावरचं सामान

अरबी घोड्याचं कपाळ रुंद आणि मुस्कट बारीक. त्यामुळे एका मापाचा तयार लगाम डोक्यावर नीट बसेलच असं नाही. गालाच्या पट्ट्या मधल्या 'कॉब' मापाच्या बसतात आणि कपाळपट्टी मोठ्या 'फुल' मापाची लागते. कपाळपट्टी आखूड असली की ती डोक्यावरचा पट्टा पुढे ओढते, तो कानांच्या बुडाशी रुततो, आणि आपण म्हणतो घोडा डोकं झटकतो. गळ्याखालच्या पट्ट्यात आडवी मूठ मावली पाहिजे.

नाकपट्टी गालाच्या हाडाच्या टोकापासून दोन बोटं खाली असावी. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकाने घेतो. नाकाचं हाड खाली संपून मऊ भाग सुरू होतो, तिथे पट्टी आली तर तिने श्वासच दाबला जातो. बारीक, आत दबलेल्या अरबी चेहऱ्यावर पट्टी तिथे घसरायला वेळ लागत नाही. घट्टपणा बघायचा तो नाकाच्या हाडावर, बाजूला नव्हे. तिथे दोन बोटं सहज गेली पाहिजेत. एफईआय या अश्वक्रीडेच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 2025 पासून स्पर्धांत ही ढिलाई मोजायला ठरलेलं साधनच आणलं.

लगामाची कडी, म्हणजे बिट, तोंडाच्या रुंदीने घ्यायची. सुतळीला एक गाठ मारून ती ओठाच्या एका कोपऱ्याशी धरा, तोंडातून दुसऱ्या बाजूला काढा आणि तिथे खूण करा. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा सेंटीमीटर धरला की झालं. जाड बिट सौम्य असते असं सरसकट सांगितलं जातं. लहान तोंडात, भरलेल्या जिभेवर तिला जागाच नसते आणि घोडा तोंड उघडं ठेवतो. मध्यम जाडीची, जिभेला वाव देणारी बिट अशा तोंडाला बरी. त्याआधी दात तपासून घ्या.

वापरलेलं खोगीर घेत असाल तर पुढची कमान दोन्ही हातांनी आत-बाहेर दाबून बघा. हलली किंवा करकरली तर सांगाडा तुटलेला आहे, कितीही स्वस्तात मिळो, घेऊ नका. मग तंगाच्या पट्ट्यांची शिवण ओढून बघा. रिकीब बुटाहून दोन-अडीच सेंटीमीटर रुंद हवी, म्हणजे पडताना पाय अडकत नाही. चढायला चौथरा वापरा. जमिनीवरून डाव्या रिकिबीत वजन टाकून चढलं की दर वेळी विदर्सवर आडवा ओढा बसतो, आणि डाव्या रिकिबीचं चामडं लांबतं. दोन्ही चामडी अधूनमधून आपसात बदलत राहा.

अरबी घोडा उशिरा भरतो, सहा वर्षांचा होईपर्यंत त्याची पाठ बदलत राहते. तोवर महागडं, न बदलता येणारं खोगीर घेऊ नये. माझ्याकडे त्या घोडीचे अकरा पुठ्ठे आहेत, प्रत्येकावर तारीख. नवं खोगीर आल्यानंतरच्या दुसऱ्या पुठ्ठ्यात विदर्समागचा खड्डा भरायला लागलेला दिसतो. चौथ्यापर्यंत तो पूर्ण भरला आणि सांगाडा एक माप रुंद करून घ्यावा लागला. पांढरे ठिपके अजून आहेत, ते जात नाहीत. तंग आवळताना ती आता समोर बघत उभी असते.